हातभर बोटीचे सुटे भाग : लेथ-मिलिंगच्या कारागिरांसाठी एक धडा

लेथवर उभ्या राहणाऱ्या आपल्या कारागिरांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. काम आहे, पण दाम नाही. मोठ्या कारखान्याचा जॉब घ्यावा तर नगामागे पैशांत भाव फुटतो, आणि सीएनसीवाला तेच काम निम्म्या वेळात करून देतो. ही तक्रार खरी आहे. पण जगात असेही काम आहे की जिथे दहाच नग लागतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला थोडा वेगळा नग लागतो आणि हाताच्या हुनराला अजून किंमत आहे. अशा कामांपैकी एका कामाची ओळख आज करून देण्याचा आमचा विचार आहे. हे काम म्हणजे रेडिओने चालणाऱ्या वेगवान मॉडेल बोटींचे जुळवता येणारे सुटे भाग.

विषय नवखा वाटेल. पण यात लागणारी हत्यारे आपल्या ओळखीचीच आहेत : लेथ, मिलिंग, ड्रिल, रिमर, टॅप आणि कानस. नवीन आहे ती फक्त समज, की हा भाग पाण्यात नेमके काय करतो. ती समज आली की नकाशा वाचणे सोपे होते आणि चूक कुठे चालेल, कुठे चालणार नाही हे आपोआप कळते.

ही बोट म्हणजे काय?

दूरून, तारेशिवाय बोट चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत अशी लहान बोट चालवून दाखवली होती. पुढे याचा छंद झाला आणि छंदातून शर्यती निघाल्या. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी या देशांत आज या शर्यतींच्या संघटना आहेत. अमेरिकेत 'नाम्बा' आणि 'इम्पबा' या दोन संघटनांची नावे घेतली जातात, तर युरोपात 'नाविगा'चे नियम चालतात. बोट दोन-तीन फुटांची, वजन काही किलो, पण मोटार किंवा लहान इंजिन पंख्याला मिनिटाला २० ते ३० हजार फेरे देते. चांगली बोट ताशी ८०-९० किलोमीटर सहज गाठते, आणि विक्रमाच्या बोटी याच्याही कितीतरी पुढे जातात.

वेगाचा हिशेब आपल्यालाही करता येतो. ऑक्टुरा या नावाचे पंखे या छंदात फार वापरले जातात. त्यांचा एक्स-४४२ हा पंखा घ्या. त्यातील ४२ म्हणजे ४२ मिलिमीटर व्यास, आणि आधीचा ४ म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट. म्हणजे एका फेऱ्यात पंखा ४२ गुणिले १.४, अर्थात ५८.८ मिलिमीटर पुढे सरकू पाहतो, जसा स्क्रू आट्यातून सरकतो. मिनिटाला २५ हजार फेरे धरले तर १,४७० मीटर होतात. तासाला हे ८८ किलोमीटर झाले. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने थोडी घसर होते, ती यातून वजा करावी.

आता मुख्य मुद्दा. साध्या होडीचा पंखा पूर्ण पाण्यात असतो. या वेगवान बोटींचा पंखा अर्धाच पाण्यात बुडतो आणि अर्धा हवेत फिरतो. त्यामुळे शाफ्ट आणि त्याला धरणारा भाग पाण्यात ओढला जात नाही आणि अडथळा कमी होतो. मोठ्या बोटींत ही युक्ती कशी चालली याचा दाखला इतिहासात आहे. पाण्यावरील वेगाचा १९३९चा विक्रम ताशी १४१ मैलांचा होता. १९५० साली अमेरिकेत सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर 'स्लो-मो-शुन ४' या बोटीने तो ताशी १६० मैलांवर नेला. तिचा मागचा भार अर्ध्या बुडालेल्या पंख्यावरच तोललेला असे. पुढे हॉवर्ड अर्नेसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत बोट चालू असतानाच पंख्याचा कोन वर-खाली करण्याची सोय आली. मॉडेल बोटवाल्यालाही तेच हवे असते. फरक इतकाच, की तो किनाऱ्यावर बसून पान्याने कोन बदलतो आणि पुन्हा बोट पाण्यात सोडतो.

जुळवणी कशासाठी?

बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. या फळीवर चार भाग बसतात, आणि चारही जुळवता येणारे लागतात.

पहिला स्ट्रट. हा पंख्याच्या शाफ्टला धरणारा हात आहे. याची उंची बदलली की पंखा पाण्यात किती बुडेल ते बदलते. स्ट्रट खाली घेतला तर पंखा जास्त बुडतो, बोटीची शेपूट उचलली जाते आणि मोटारीवर भार वाढून ती तापते. वर घेतला तर भार हलका होतो, पण फार वर गेला की पंखा नुसती हवा आणि फेस कापतो. स्ट्रटचा कोनही तितकाच महत्त्वाचा. शाफ्टचे मागचे टोक खाली झुकले तर पंख्याचा जोर पुढे आणि थोडा वर लागतो. शेपूट उचलली जाते आणि नाक पाण्यावर दाबले जाते. मागचे टोक वर झाले की याच्या उलट, नाक उचलते. नाक थोडे उचललेले बरे, कारण पाण्याला घासणारे अंग कमी होते. पण जास्त उचलले तर तळाखाली हवा शिरते आणि बोट पतंगासारखी उलटून पडते.

दुसरा भाग सुकाणू. तिसरा वळणाची फिन. ही पाण्यात उभी असलेली धारदार पट्टी वळताना बोटीला बाहेर घसरू देत नाही. चौथा भाग ट्रिम टॅब, म्हणजे तळाच्या मागच्या कडेला लावलेली लहान पट्टी. ती खाली वाकवली की शेपूट उचलते आणि नाक दबते. पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा बोट दुसऱ्या बाजूला कलंडू पाहते. तो कल डाव्या-उजव्या टॅबची उंची कमी-जास्त करून काढला जातो.

पाणी शांत आहे की लाटांचे, वारा आहे की नाही, बॅटरी जड आहे की हलकी, यांवर जुळवणी रोज बदलते. म्हणूनच शर्यतवाला पक्का वेल्ड केलेला भाग घेत नाही. त्याला हवा असतो असा भाग, जो अचूक हलतो आणि घट्ट केल्यावर तसूभरही हलत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच नगात देणे हेच या कामातील कौशल्य आहे.

धातू कोणता घ्यावा?

स्ट्रट, ब्रॅकेट आणि सुकाणूसाठी ॲल्युमिनियम चालते, पण कोणतेही नाही. भांड्यांचे किंवा खिडकीच्या चौकटीचे मऊ ॲल्युमिनियम आट्यात टिकत नाही. परदेशी नकाशावर बहुधा ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ लिहिलेले असते. आपल्या बाजारात ६०६१ला एचई२० आणि ६०८२ला एचई३० या जुन्या नावांनीही ओळखतात. एचई३० सहज मिळते आणि या कामाला पुरते. ७०७५ जवळपास दुप्पट ताकदीचे आहे, पण खाऱ्या पाण्यात लवकर खराब होते आणि नेहमीच्या पद्धतीने वेल्ड घेत नाही. गिऱ्हाईक समुद्रात बोट चालवणार असेल तर हे त्याला आधी सांगावे.

फिनसाठी स्टेनलेसची पट्टी, बुशसाठी ब्राँझ, स्क्रू स्टेनलेसचे. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यात खाऱ्या पाण्याने गंजून चिकटतो, म्हणून बसवताना आट्याला ग्रीस लावायला विसरू नये.

एक इशारा आवर्जून देतो. या बोटींचे अनेक पंखे बेरिलियम-तांब्याचे असतात. गिऱ्हाईक म्हणेल, जरा याची धार काढून द्या. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक आहे आणि त्याचा आजार वर्षांनंतरही उमटतो. असा पंखा कोरड्या ग्राइंडरवर धरू नये. ओलीची सोय, धूळ ओढणारी यंत्रणा आणि योग्य मास्क नसेल तर ते काम नाकारावे. चार पैशांसाठी छातीचे दुखणे विकत घेऊ नये.

स्ट्रटचा हिशेब

आम्ही येथे एक साधी रचना सांगतो. ट्रान्समवर बसणारे ब्रॅकेट, त्याला मागे निघालेले दोन उभे गाल, आणि गालांच्या मधे स्ट्रटची पाती. पातीच्या खाली आडवी नळी, जिच्यातून शाफ्ट जातो. पातीला एकापुढे एक अशी ४ मिलिमीटरची दोन भोके, आणि दोन्ही गालांना त्यांच्यासमोर १२ मिलिमीटर लांबीच्या उभ्या खाचा. दोन एम४ बोल्ट आरपार टाकून गाल आवळले की स्ट्रट जागी बसतो. दोन्ही बोल्ट सारखे वर घेतले तर उंची बदलते, एकच घेतला तर कोन बदलतो.

पण हाताने ढकलून कोन लावला तर तो पुन्हा तसाच लागत नाही. म्हणून गालांच्या वर एक लहान पट्टी बसवावी आणि तिच्यात दोन एम३ चे टेकू-स्क्रू उतरवावेत. ते पातीच्या वरच्या कडेवर टेकतात. एम३ चा पिच अर्धा मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला अर्धा, पाव फेऱ्याला ०.१२५ मिलिमीटर.

आता या दोन टेकूंतील अंतर किती ठेवावे? एका अंशाला ५७.३ मिलिमीटर लांबीवर एक मिलिमीटर चढ येतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला २८.६ मिलिमीटर लांबी लागते. टेकूंतील अंतर बरोबर २८.६ ठेवले की एका स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक अंश, पाव फेरा म्हणजे पाव अंश. गिऱ्हाइकाला कोनमापक लागत नाही, तलावाच्या काठावर तो फेरे मोजून काम भागवतो. भोकांतील अंतर ३० न ठेवता २८.६ ठेवायला आपल्याला एक पैसाही जास्त लागत नाही, पण नगाची किंमत वाढते. हुनर म्हणतात ते यालाच.

आणखी एक बारकावा. पाती कललेली असताना दोन बोल्टांतील आडवे अंतर किंचित कमी होते. पाच अंशांना हा फरक सुमारे ०.११ मिलिमीटर येतो. दोन्ही खाचा तंतोतंत असतील तर बोल्ट अडकतात आणि गिऱ्हाईक म्हणतो, नग चुकला. यासाठी पुढची खाच ४.१ आणि मागची ४.३ ठेवावी. पुढची खाच पातीची जागा पक्की धरते, मागची तिला फिरायला वाव देते.

करण्याचा क्रम

या कामाचा पहिला नियम : आधी भोक, मग अंग. बाहेरून सुंदर घडवून शेवटी नळीत लांब भोक मारायला गेलो की ड्रिल भटकते, आणि सगळी मेहनत भंगारात जाते. म्हणून तुकडा चौकोनी करून घ्यावा, त्यात शाफ्टच्या वाटेचे भोक आधी करावे आणि पुढची सर्व मापे त्या भोकापासून घ्यावीत.

पाव इंची शाफ्टसाठी आम्ही नळीत ८ मिलिमीटरचे रिमर केलेले भोक ठेवतो. ७.८ चे ड्रिल, मग ८ चे रिमर. ड्रिल दर थोड्या खोलीला बाहेर काढून चिप साफ करावी. ॲल्युमिनियम चिकट असते. ड्रिलच्या खाचेत ते भरले की भोक ओरखडते आणि मोठे होते. कापताना तेल-पाण्याचे मिश्रण सतत द्यावे.

मग ब्राँझचे दोन बुश, प्रत्येकी १२ मिलिमीटर लांब. एक पुढे, एक मागे, मधली जागा ग्रीससाठी मोकळी. बुशचा बाहेरचा व्यास ८.०२ ठेवला तर ते व्हाइसमध्ये दाबून घट्ट बसतात. दाबल्यावर बुशचे आतले भोक किंचित आकसते. म्हणून आतले भोक आधी जरा कमी ठेवावे आणि दोन्ही बुश बसल्यावर पाव इंची रिमर एकाच फेरीत दोन्हींतून आरपार न्यावे. असे केले तरच दोन्ही बुश एका रेषेत येतात. वेगवेगळे रिमर केलेले बुश हातात शाफ्ट फिरवताना ठीक वाटतात, पण २५ हजार फेऱ्यांना शाफ्ट गरम होऊन अडकतो. नगाला ॲनोडायझिंग करायचे असेल तर मात्र बुश शेवटी बसवावेत. कारण पुढे येईल.

भोक झाले की त्यात घट्ट बसणारी गोल सळई घालावी आणि तिच्या आधाराने तुकडा मिलिंगवर लावावा. नळीची बाहेरची गोलाई १२ मिलिमीटर ठेवली तर भिंत २ मिलिमीटरची राहते. पातीची जाडी ६ पुरे. पातीची वरची कड आणि भोक समांतर हवेत. तपासायला सळई दोन्हीकडून बाहेर ठेवून १०० मिलिमीटर अंतरावर दोन ठिकाणी डायल फिरवावे. फरक ०.०५ च्या आत असावा.

मिलिंगच्या वेगाबद्दल दोन शब्द. एचएसएस कटरला ॲल्युमिनियममध्ये मिनिटाला ७५ मीटर कापण्याचा वेग चालतो. ६ मिलिमीटरच्या कटरला त्यासाठी जवळपास ४,००० फेरे लागतात. जुन्या मशीनला इतके फेरे नसतात. मग घाई न करता कटाची खोली आणि फीड कमी ठेवावे, किंवा जागा असेल तेथे मोठ्या व्यासाचा कटर लावावा. मिलिंगच नसेल तर लेथच्या क्रॉस-स्लाइडवर उभी स्लाइड लावूनही हे काम होते. वेळ जास्त लागतो, पण पाच-सहा नगांसाठी हरकत नाही.

शेवटी प्रत्येक कडेची बर काढावी. ही बर नुसती बोटाला लागते असे नाही. खाचेत राहिलेली बर बोल्ट आवळल्यावर चपटी होते आणि पहिल्याच फेरीत जुळवणी ढिली पडते.

सुकाणू आणि फिन

सुकाणूची पाती पाचरीसारखी असते. पुढे धार, मागे जाड आणि चौकोनी कड. मागची कड गोल करून 'सफाईदार' करण्याचा मोह टाळावा. चौकोनी कडेवरून पाणी स्वच्छ तुटते, गोल कडेवर ते चिकटून राहते आणि सुकाणू थरथरते.

पातीत बहुधा पाण्याची वाटही असते. खालच्या बाजूला पुढे तोंड असलेले लहान भोक, तेथून पातीतून वर जाणारी वाट, आणि वर बसवलेली बारीक नळी. बोटीच्या वेगानेच पाणी आत दाबले जाते आणि मोटार व तिचा कंट्रोलर थंड राहतो. ३ मिलिमीटरचे ६० मिलिमीटर खोल भोक म्हणजे व्यासाच्या २० पट. ते घाईने होत नाही. आधी आखूड ड्रिलने वाट धरावी, मग लांब ड्रिल दर दोन-तीन मिलिमीटरला बाहेर काढत जावे.

सुकाणू ब्रॅकेटला दोन ठिकाणी धरलेले असते. एक धातूची पिन, जिच्याभोवती ते मागे वर उचलू शकते, आणि दुसरा नायलॉनचा स्क्रू. पाण्यातल्या लाकडाला धडक बसली की नायलॉनचा स्क्रू तुटतो, सुकाणू मागे झुकते आणि ट्रान्सम वाचते. काही कारागीर 'मजबूत' म्हणून तेथे स्टेनलेसचा स्क्रू देतात. ती मजबुती नव्हे. तुटण्यासाठीच ठेवलेला भाग तुटलाच पाहिजे.

अमेरिकेतील शर्यतींत बोटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे वळत धावतात. म्हणून तेथे फिन उजव्या अंगाला असते आणि सुकाणूही बहुधा मध्यापासून उजवीकडे सरकवलेले असते. गिऱ्हाईक कोठला आहे आणि कोणत्या दिशेने धावतो हे विचारल्याशिवाय डावा-उजवा नग करायला घेऊ नये.

इंच, मिलिमीटर आणि आमची चूक

या धड्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. पहिल्या कामाच्या कागदावर शाफ्टचे माप ०.१८७ असे लिहिले होते. आम्ही हिशेब केला, ४.७५ मिलिमीटर झाले, आणि हाताशी ५ मिलिमीटरचे रिमर होते. वाटले, पाव मिलिमीटरने काय बिघडते? बारा नग केले, चकाचक पॉलिश केले आणि पाठवले. बाराही परत आले. शाफ्ट बुशमध्ये खडखडत होता. इतक्या फेऱ्यांना पाव मिलिमीटरची ढिलाई म्हणजे पंखा डोलतो, ग्रीस उडून जाते आणि बुश एका दुपारीत अंडाकृती होतो. मालाचे पैसे अडकले, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेला.

सुदैवाने बुश वेगळे बसवलेले होते. जुने काढून नवे बसवले, ३/१६ इंची रिमर आणून भोके केली आणि तेच बारा नग पुन्हा गेले. तेव्हापासून आमचा नियम आहे की बुश नेहमी वेगळा, आणि इंचाच्या शाफ्टला इंचाचेच रिमर.

लक्षात ठेवण्याची मापे अशी. ३/१६ इंच, म्हणजे आपले दीड सूत, ४.७६ मिलिमीटर. पाव इंच, म्हणजे दोन सूत, ६.३५ मिलिमीटर. अमेरिकेत ४-४० हा स्क्रू फार वापरतात. त्याचा व्यास २.८४ मिलिमीटर आणि इंचाला ४० आटे. तो दिसायला एम३ सारखा आहे, पण एम३ च्या भोकात दोन-तीन फेरे जाऊन आटे खातो. एम३ साठी टॅपचे ड्रिल २.५, एम४ साठी ३.३, आणि ४-४० साठी २.२६ मिलिमीटर. ३/१६ इंची शाफ्टच्या टोकाला बहुधा १०-३२ चे आटे असतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात इंची रिमर आणि टॅप शोधल्यास मिळतात. एकदाच घ्यावेत, पण चांगले घ्यावेत.

रंग आणि अखेरची तपासणी

परदेशी गिऱ्हाइकाला ॲनोडायझिंग आवडते. निळा, लाल, काळा असा रंगही येतो आणि धातूही टिकतो. पण हा थर माप बदलतो. साधारण निम्मा थर धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. १० मायक्रॉनचा थर असेल तर भोक १० मायक्रॉनने बारीक होते. आट्यांत हा परिणाम जास्त होतो, म्हणून ॲनोडायझिंगनंतर टॅप पुन्हा फिरवावा. ब्राँझचे बुश मात्र आम्लाच्या टाकीत जाता कामा नयेत. रंग होऊन आल्यावर ८ चे रिमर हलके फिरवावे, मगच बुश दाबावेत आणि आतले रिमर करावे.

बोट जुळवताना एक गोष्ट गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्यावी. मोटारीपासून स्ट्रटपर्यंत येणारी लवचिक शाफ्ट तारांची विणलेली असते. जोर आला की ती पीळ बसून आखडते. म्हणून पंख्यामागचा ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रट यांत सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवावी लागते. ही फट न ठेवल्यास डॉग बुशवर घासतो, आणि दोष मात्र स्ट्रट करणाऱ्याच्या माथी येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाने आलेले पाणी समोर थोपले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३ किलोहून अधिक दाब देते. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वळणावर सुकाणूचे ब्रॅकेट तुटले तर बोट सरळ किनाऱ्याकडे सुटते, आणि किनाऱ्यावर माणसे उभी असतात, मुले उभी असतात. म्हणून आट्याला कमीत कमी दीड व्यास खोली द्यावी, आतल्या कोपऱ्यांत गोलाई ठेवावी, आणि ज्या नगात तडा किंवा भेग दिसली तो रंगाखाली लपवू नये. असा नग स्वतः हातोडीने मोडून भंगारात टाकावा. लपवलेला दोष पाण्यावर उघडा पडतो, आणि तेव्हा तो फक्त आपला तोटा राहत नाही.

भाव आणि व्यवहार

भाव ठरवताना एक नग आणि दहा नग यांचा हिशेब वेगळा करावा. समजा, मशीन लावायला तीन तास आणि प्रत्यक्ष नगाला ४० मिनिटे लागतात. एकच नग केला तर त्यावर ३ तास ४० मिनिटे पडतात. दहा एकत्र केले तर एकूण ९ तास ४० मिनिटे, म्हणजे नगामागे ५८ मिनिटे. म्हणून ब्रॅकेट आणि गाल सर्वांना सारखे ठेवावेत, ते दहा-वीस करून ठेवावेत, आणि फक्त नळी व बुश गिऱ्हाइकाच्या शाफ्टप्रमाणे करावेत. जिग एकदाच बनतो, तो जपून ठेवावा आणि त्यावर तारीख व माप कोरावे.

थेट परदेशी माल पाठवायचा असेल तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो. तो पॅन क्रमांकावरच मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि फी ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती कायम करावी लागते, नाही तर कोड बंद पडतो. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत, लहान पार्सलांना ती सोयीची पडतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना दिलेली जकातमाफी २०२५च्या ऑगस्टअखेर बंद केली. त्यामुळे भाव सांगताना जकात कोण भरणार हे आधी लिखित ठरवावे. दर बदलत असतात, म्हणून प्रत्येक पार्सलाच्या वेळी चौकशी करावी.

दुसऱ्याचा नमुना पाहून शिकणे वेगळे आणि दुसऱ्याचे नाव कोरून माल विकणे वेगळे. आपल्या नगावर आपलेच चिन्ह असावे. चांगला निघाला तर गिऱ्हाईक तेच चिन्ह शोधत परत येतो.

वाचक बांधवांनो, या एका कामाने कोणाचे घर एका रात्रीत उभे राहणार नाही. हा छंदाचा बाजार आहे, लहान आहे आणि चोखंदळ आहे. पण जो कारागीर पाव इंची भोकात शतांशाचे माप राखायला शिकतो, त्याला उद्या पंपाचा, दवाखान्याच्या यंत्राचा किंवा प्रयोगशाळेचा जॉबही नाकारावा लागत नाही. तूर्त एवढेच करावे : एचई३० चा एक तुकडा घ्यावा, २८.६ मिलिमीटर अंतरावर दोन भोके मारावीत आणि डायल लावून पाहावे की हात कितपत खरा आहे. पहिला तुकडा चुकेल, तिसरा जमेल. कारखान्यात शागीर्द असेल तर त्यालाही सोबत उभे करावे आणि डायल त्याच्याही हाती द्यावे. उस्तादाचे हुनर त्याच्याबरोबर संपू नये, ते पुढच्या हातात गेले पाहिजे.